हवा किती, पेट्रोल किती?

गेल्या उन्हाळ्यात काही कामानिमित्त आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडला गेलो होतो. मुक्काम एका शिक्षक मित्राकडे होता. त्यांची १२५ सीसीची मोटारसायकल २०२१ साली घेतलेली, म्हणजे तशी नवीच. पण काही आठवड्यांपासून तिची तक्रार सुरू झाली होती. सकाळी सुरू व्हायला खळखळ करायची, मूठ पिळली की क्षणभर दम खायची, आणि मायलेज तर सरळसरळ घसरले होते. आम्ही तिघेजण, म्हणजे मित्र, त्यांचा बारावीतला मुलगा आणि आम्ही, ती घेऊन त्यांच्या नेहमीच्या गॅरेजवर गेलो.

गॅरेजवाल्या भाऊंच्या पुढ्यात त्या वेळी दुसरी एक मोटारसायकल उघडून ठेवलेली होती. ती चांगली पंधरा-सोळा वर्षांची जुनी, कार्ब्युरेटरवाली. तिचेही दुखणे इंधनाचेच. भाऊंनी कार्ब्युरेटर खोलला, जेट फुंकून साफ केले, सुईची क्लिप एक खाच खाली घेतली, गाडी सुरू केली आणि कान देऊन ऐकत बारीक स्क्रू पाव-पाव वेढा फिरवत राहिले. आवाज एकसारखा झाल्यावर थांबले. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम. मग ते आमच्या मित्राच्या गाडीकडे वळले आणि म्हणाले, "सर, तुमच्या गाडीत मला पिळायला स्क्रूच ठेवला नाही हो."

ही गोष्ट खरी आहे. तो स्क्रू गेला कुठे? तो आता आकड्यांच्या एका तक्त्यात जाऊन बसला आहे, आणि तो तक्ता एका छोट्या संगणकाच्या स्मृतीत आहे. हा तक्ता कसा तयार होतो, कसा सुधारतात आणि तो कुठे फसतो हे आज आपण पाहू. यात लागणारे रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र अकरावी-बारावीच्या पलीकडचे नाही. म्हणून वर्गात गणिते सोडवून घ्यायलाही हा विषय चांगला आहे.

प्रथम मूळ प्रश्न. पेट्रोल जाळायला किती हवा लागते? पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण. पण हिशेबासाठी आपण ऑक्टेन घेऊ. त्याच्या रेणूत कार्बनचे ८ आणि हायड्रोजनचे १८ अणू असतात. पूर्ण ज्वलन व्हायचे तर कार्बनच्या ८ अणूंना ऑक्सिजनचे ८ रेणू आणि हायड्रोजनच्या १८ अणूंना साडेचार रेणू, असे एकूण साडेबारा रेणू लागतात. वजनात सांगायचे तर ११४ ग्रॅम ऑक्टेनला ४०० ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने ऑक्सिजन सुमारे २३.२ टक्के. म्हणजे एक ग्रॅम ऑक्टेनला साधारण १५.१ ग्रॅम हवा. प्रत्यक्ष पेट्रोलमध्ये हायड्रोजनचे प्रमाण ऑक्टेनपेक्षा थोडे कमी असते. त्यामुळे हा आकडा १४.७ च्या आसपास येतो. इंजिनाच्या धंद्यात १४.७ हा आकडा पाढ्यासारखा पाठ असतो.

एक लिटर पेट्रोलचे वजन सुमारे ७४५ ग्रॅम. १४.७ ने गुणले की जवळजवळ ११ किलो हवा. घनफळात ही हवा सुमारे साडेनऊ घनमीटर होते. एखादी लहानशी खोली भरून हवा एक लिटर पेट्रोल फस्त करते, हे विद्यार्थ्यांना सांगितले की ते चकित होतात. गाडी पेट्रोलवर चालते असे आपण म्हणतो, पण ती वजनाने पाहिले तर मुख्यतः हवाच खाते.

हवा या प्रमाणापेक्षा कमी पडली तर मिश्रण 'रिच' झाले असे म्हणतात, जास्त झाली तर 'लीन'. घरातल्या गॅसच्या शेगडीवर दोन्ही पाहता येतात. बर्नरखालची हवेची भोके कचऱ्याने बुजली की ज्योत पिवळी होते आणि भांड्याला काजळी धरते. भोके मोकळी असली की ज्योत निळी. इंजिनात ही काजळी स्पार्क प्लगवर बसते. काळा प्लग म्हणजे रिच, पांढरट प्लग म्हणजे लीन, विटकरी म्हणजे बरोबर, हे कोणत्याही गॅरेजमध्ये पोऱ्यालाही ठाऊक असते. आम्हाला स्वतःला हे शास्त्र प्रयोगशाळेत नव्हे, तर गॅरेजमध्येच प्रथम कळले.

सोयीसाठी एक संज्ञा घेऊ. प्रत्यक्षातले हवा-इंधन गुणोत्तर भागिले आदर्श गुणोत्तर, याला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा १ म्हणजे हिशेब बरोबर, ०.९ म्हणजे रिच; १.१ म्हणजे लीन. सदासर्वदा लॅम्डा १ ठेवला की झाले, असे वाटेल. पण तसे नाही. जास्तीत जास्त जोर हवा असेल तेव्हा लॅम्डा ०.८५ ते ०.९ च्या आसपास ठेवतात, कारण सिलिंडरमधला सगळा ऑक्सिजन वापरला गेला पाहिजे आणि जादा पेट्रोलाच्या बाष्पीभवनाने इंजिन थोडे थंडही राहते. थंड इंजिन सुरू करताना तर आणखी रिच मिश्रण लागते, कारण बरेचसे पेट्रोल थंड भिंतींवर थेंबांच्या रूपात चिकटून बसते आणि वाफ होऊन जळायला मिळतच नाही. उलट सपाट रस्त्यावर शांतपणे चालताना लॅम्डा १ पुरतो. म्हणजे योग्य मिश्रण हा एकच आकडा नसून परिस्थितीप्रमाणे बदलणारा आकडा आहे.

कार्ब्युरेटर हे काम एका सुंदर युक्तीने करतो. हवेची वाट मध्येच अरुंद केली की तिथे वेग वाढतो आणि दाब घटतो, बर्नोलीचे तत्त्व. त्या कमी दाबाच्या जागी पेट्रोलाची बारीक नळी उघडते आणि पेट्रोल आपोआप ओढले जाते. जास्त हवा, जास्त ओढ, जास्त पेट्रोल. विजेची गरज नाही, गणिताची नाही. पण या युक्तीत एक उणीव आहे. हवा किती घनफळाने वाहते ते कार्ब्युरेटरला कळते, पण तिचे वजन नीट कळत नाही. विदर्भातला मे महिना घ्या: ४४ अंश सेल्सिअस, म्हणजे ३१७ केल्विन. डिसेंबरची पहाट १२ अंश, म्हणजे २८५ केल्विन. तेवढ्याच दाबाला मे महिन्यातली हवा दहा टक्क्यांनी विरळ असते. हवेचे वजन घनतेच्या प्रमाणात घटते, पण पेट्रोलाची ओढ घनतेच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते. परिणामी तोच स्क्रू, तेच जेट असताना उन्हाळ्यात मिश्रण सुमारे पाच टक्क्यांनी रिच होते. हे पाच टक्के भाऊ पाव वेढ्याने भागवत असत.

गाडी फक्त चालायची असेल तर पाच टक्के इकडे-तिकडे चालून जाते. ते चालेनासे झाले ते धुरामुळे. धुराड्यात बसवलेला उत्प्रेरक कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांना ऑक्सिजन देतो, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांकडून ऑक्सिजन काढून घेतो. ही देवाणघेवाण एकाच वेळी व्हायची तर लॅम्डा १ च्या अगदी जवळ, जेमतेम टक्काभराच्या पट्ट्यात असावा लागतो. कार्ब्युरेटरकडून एवढ्या काटेकोरपणाची अपेक्षा करणे म्हणजे भाजीच्या तराजूवर सोने तोलणे.

आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक बसवणे १९९५ मध्ये सक्तीचे झाले. त्यानंतर उत्सर्जनाचे नियम कडक होत गेले आणि मोटारींमधून कार्ब्युरेटर गेला. दुचाकींमध्ये मात्र तो दीर्घकाळ टिकला. हिरो होंडाने २००६ मध्ये ग्लॅमर एफआय आणली. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ मध्ये इंधन-अंतःक्षेपणाची पल्सर २२० बाजारात आणली, आणि दोनच वर्षांनी, २००९ मध्ये, तीच गाडी पुन्हा कार्ब्युरेटर लावून स्वस्तात विकायला काढली. त्या काळी गिऱ्हाईकाला संगणकापेक्षा स्क्रू बरा वाटत होता, असाच याचा अर्थ आम्ही घेतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि मग दुचाकींमध्येही इंजेक्टर सर्रास आला.

आता तो संगणक काय करतो ते पाहू. त्याला एकच प्रश्न सोडवायचा असतो: या फेरीत सिलिंडरमध्ये किती वजनाची हवा शिरली? हवा तराजूत घालता येत नाही. पण आदर्श वायूचा नियम तर आपण शिकवतोच. दाब, घनफळ आणि तापमान कळले की वजन निघते. घनफळ ठरलेले आहे, १२५ घन सेंटिमीटर. दाब मोजायला हवेच्या नळीत एक संवेदक असतो, तापमान मोजायला दुसरा. मूठ पूर्ण पिळलेली असताना दाब समजा ९८ किलोपास्कल आणि हवेचे तापमान ३०० केल्विन आहे. हवेसाठी वायुस्थिरांक किलोला २८७ ज्यूल प्रति केल्विन धरला, तर हवेचे वजन येते ०.१४२ ग्रॅम.

पण सिलिंडर दरवेळी पूर्ण भरत नाही. झडप थोडाच वेळ उघडी असते, नळीत घर्षण असते, मागच्या फेरीचा थोडा धूर आत राहिलेला असतो. समजा सिलिंडर ८५ टक्केच भरला. मग हवा ०.१२१ ग्रॅम, आणि लॅम्डा १ साठी पेट्रोल त्याच्या १४.७ वा भाग, म्हणजे सुमारे ८.२ मिलिग्रॅम. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडझाप करणारी बारीक तोटी. ती उघडी असताना सेकंदाला २ ग्रॅम पेट्रोल सोडते असे धरले, तर तिला ४.१ मिलिसेकंद उघडे ठेवले पाहिजे. तोटीला उघडायलाच सुमारे एक मिलिसेकंद लागतो, तो वेगळा मिळवायचा. बॅटरी उतरलेली असेल तर उघडायला आणखी उशीर होतो. म्हणून संगणक बॅटरीचा व्होल्टही बघत असतो. इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांनी फिरत असेल तर हा सगळा हिशेब करून पेट्रोल सोडायला त्याच्याकडे दर वेळी २० मिलिसेकंद असतात. आजच्या संगणकाला हा वेळ भरपूर झाला. १९६७ साली बॉश कंपनीने फोक्सवागेनच्या गाड्यांसाठी हेच काम ट्रान्झिस्टरांच्या मंडलाने केले होते, तेही नळीतला दाब मोजूनच.

या हिशेबात एक आकडा आम्ही हळूच घुसवला, तो म्हणजे ८५ टक्के. तो आला कुठून? हा आकडा कोणत्याही नियमातून सरळ निघत नाही. तो वेगाप्रमाणे बदलतो, दाबाप्रमाणे बदलतो, सायलेन्सर बदलला तरी बदलतो. तो मोजूनच काढावा लागतो. आणि हाच तो तक्ता. आडव्या बाजूला इंजिनाचा वेग, उभ्या बाजूला नळीतला दाब, आणि प्रत्येक घरात सिलिंडर किती टक्के भरतो तो आकडा. १६ बाय १६ चा तक्ता असेल तर २५६ घरे. भाऊंच्या हातातल्या एका स्क्रूच्या जागी हे २५६ स्क्रू आले आहेत.

इंजिन अर्थातच घरांच्या बरोबर मध्यावर चालत नाही. समजा वेग ३२०० आहे आणि दाब ६५. पण तक्त्यात रकाने ३००० आणि ३५०० चे, ओळी ६० आणि ७० च्या आहेत. ६० च्या ओळीत ७० आणि ७४ हे आकडे आहेत, ७० च्या ओळीत ७५ आणि ७९. ३२०० हा ३००० पासून दोन पंचमांश अंतरावर. म्हणून पहिल्या ओळीतून ७१.६ आणि दुसरीतून ७६.६ मिळतात. ६५ मधोमध आहे, म्हणून उत्तर ७४.१. लॉगॅरिथमची कोष्टके वापरताना मधली किंमत काढायची रीत जुन्या शिक्षकांना आठवत असेल. ही तीच रीत आहे, फक्त दोन दिशांनी.

कंपन्या हा तक्ता भरायला इंजिन डायनामोमीटरवर चढवतात, म्हणजे इंजिनाला हवा तेवढा भार देणाऱ्या यंत्रावर, आणि एकेक घर शांतपणे मोजतात. पुढे पूर्ण गाडी रुळांवर चालवून तिचा धूर तपासला जातो. १९६६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियात अशा चाचण्या होतात. हौशी लोकांचा मार्ग निराळा. अमेरिकेत बाउलिंग आणि ग्रिपो या दोघांनी २००१ च्या सुमारास मेगास्क्वर्ट नावाचा स्वतः जोडायचा इंजिन-संगणक लोकांना उपलब्ध करून दिला आणि घरच्या गॅरेजात तक्ते भरणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. लॅपटॉप जोडला की आज्ञावली पडद्यावर तक्ता दाखवते; गाडी चालेल तसा एक ठिपका घराघरांतून फिरतो. धुराड्यातल्या संवेदकाने मोजलेला लॅम्डा शेजारी दिसतो. सुधारणेचे सूत्र एका ओळीचे आहे: नवा आकडा म्हणजे जुना आकडा गुणिले मोजलेला लॅम्डा भागिले हवा असलेला लॅम्डा. घरात ७० आहे, लॅम्डा १ हवा होता आणि १.०८ मिळाला, तर नवा आकडा ७५.६. आज्ञावली हे स्वतःच करू शकते. चालवणाऱ्याने फक्त वेगवेगळ्या चढ-उतारांवर गाडी फिरवायची. आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, तेव्हा हा खेळ कॉलेजच्या कार्यशाळेतल्या किंवा शर्यतीच्या बंद मैदानावरच्या इंजिनावरच ठेवावा.

धुराड्यातला संवेदक मात्र वर्गात सांगण्यासारखा आहे. तो झिर्कोनियाच्या चिनीमातीचा असतो. तापल्यावर ही चिनीमाती ऑक्सिजनच्या आयनांना वाट देते. एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनच्या दाबात फरक असला की व्होल्ट निर्माण होतात. नर्न्स्टच्या समीकरणात १००० केल्विन घालून पाहा. लीन धुरात ऑक्सिजन एक टक्का उरला असेल तर सुमारे ०.०६५ व्होल्ट येतात. रिच धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसतोच, एका वातावरणाच्या दहाच्या अठराव्या घाताएवढा भाग, तिथे ०.८६ व्होल्ट. लॅम्डा १ ओलांडताना व्होल्ट एकदम उडी घेतात, आणि ही उडी कोणत्या बाजूला झाली एवढे बघून संगणक पेट्रोल किंचित कमी किंवा जास्त करत राहतो. ही दुरुस्ती किती टक्के करावी लागली याची तो नोंदही ठेवतो. तिला ट्रिम म्हणतात. ट्रिम अधिक ५ याचा अर्थ असा की तक्ता सांगतो त्यापेक्षा पाच टक्के जास्त पेट्रोल द्यावे लागत आहे.

आता पुन्हा उमरखेडला. आमच्या मित्राच्या गाडीला स्कॅनर लावला तेव्हा ट्रिम दिसली अधिक १६. आम्ही लगेच निदान केले: इथेनॉल. याला कारणही होते. उमरखेड तालुका उसाचा. पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात. उसापासून अल्कोहोल आणि अल्कोहोलापासून गाडी ही कल्पना महाराष्ट्राला जुनीच आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून विकण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प २००१ मध्ये सुरू झाले, त्यांपैकी दोन मिरज आणि मनमाडचे होते. आता २० टक्के मिश्रण देशभर मिळते. भाऊंनीही मान डोलावली. त्यांनी तर पाण्याच्या बाटलीत थोडे पेट्रोल घेऊन, त्यात पाणी घालून हलवून, तळाचा थर किती वाढतो हे पाहण्याचा प्रयोग केलेला होता. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते, म्हणून तळाचा थर फुगतो. हाच गुण टाकीत पावसाचे पाणी शिरल्यावर त्रास देतो.

पण आकडे मांडले तेव्हा आमचे निदान डगमगले. हा हिशेब फळ्यावर करण्यासारखा आहे. इथेनॉलच्या रेणूत मुळात ऑक्सिजनचा एक अणू असतो, म्हणून त्याला हवा कमी लागते: ४६ ग्रॅमला ९६ ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे एका ग्रॅमला ९ ग्रॅम हवा. एक लिटर इथेनॉल ७८९ ग्रॅमचे, त्याला ७.१ किलो हवा. पेट्रोलाला १०.९५ किलो. २० टक्के मिश्रणाच्या लिटरला ८.७६ अधिक १.४२, म्हणजे १०.१८ किलो. तेवढीच हवा वापरायची तर १०.९५ भागिले १०.१८, म्हणजे साडेसात टक्के जास्त इंधन लागेल. पण २०२१ ची गाडी निव्वळ पेट्रोलवर नव्हे, तर १० टक्के मिश्रणावर जुळवलेली. त्याच्या लिटरला १०.५७ किलो हवा लागते. म्हणून वाढ फक्त ३.८ टक्के. सोळातले चार इथेनॉलचे. बाकीचे बारा कुणाचे?

(जाता जाता: एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१. पण दर किलो हवेमागे हिशेब केला तर दोघांची ऊर्जा जवळजवळ सारखीच, तीन मेगाज्यूलच्या किंचित खाली. म्हणून मिश्रण नीट जुळवले तर गाडीचा जोर घटत नाही, मायलेज घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात निव्वळ पेट्रोलसाठी रचलेल्या आणि १० टक्क्यांवर जुळवलेल्या दुचाकींसाठी ही घट ३ ते ४ टक्के सांगितली आहे, तशाच चारचाकींसाठी ६ ते ७. कार्ब्युरेटरची गाडी मात्र स्वतःहून जादा इंधन देत नाही. ती तेवढी लीन होते. मुळात रिच चालणाऱ्या गाडीचा धूर त्यामुळे सुधारतोही; मुळात काठावर असलेली गाडी तापते आणि दम खाते. भाऊंनी सकाळी सुईची क्लिप का सरकवली ते आता लक्षात येईल. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर इथेनॉलने फुगतात, तो प्रश्न वेगळाच. तो आकड्यांनी सुटत नाही.)

भाऊंनी आधी एक सोपा उपाय केला होता: बॅटरीची वायर काढून पाच मिनिटांनी परत लावणे. बऱ्याच गाड्यांत याने शिकलेली ट्रिम पुसली जाते आणि गाडी दोन दिवस वेगळी वाटते. तेवढ्याने दुखणे जात नाही. संगणक पुन्हा तेच शिकतो. आम्हीही पुढे सुचवले ते फार शहाणपणाचे नव्हते: इंजेक्टर तुंबला असेल, साफ करून पाहू. तुंबलेल्या तोटीतून कमी पेट्रोल येते, मिश्रण लीन होते, ट्रिम वाढते. तर्क तर जुळत होता.

तेवढ्यात भाऊंनी प्लग काढून आमच्या हातावर ठेवला. तो काळाकुट्ट होता.

आम्ही काही क्षण गप्प बसलो. संगणक म्हणत होता, मिश्रण लीन आहे, पेट्रोल वाढवतो. प्लग म्हणत होता, पेट्रोल आधीच जास्त आहे. इंजेक्टर तुंबला असता तर प्लग काळा झाला नसता. दोघेही साक्षीदार खरे बोलत असतील, तर फरक त्यांच्या उभे राहण्याच्या जागेत असला पाहिजे. प्लग सिलिंडरमध्ये असतो आणि संवेदक धुराड्यात. या दोन जागांच्या दरम्यान कुठेतरी ऑक्सिजन शिरत होता.

बारावीतल्या मुलाने इथे फार चांगला प्रश्न विचारला: धुराचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो, मग फटीतून धूर बाहेर येईल, हवा आत कशी जाईल? एका सिलिंडरच्या इंजिनात धूर सतत वाहत नाही. तो धक्क्याधक्क्याने येतो. प्रत्येक धक्का पुढे निघून गेला की त्याच्या मागे क्षणभर दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो. त्या क्षणी फटीतून हवा आत ओढली जाते. संवेदकाला ती दिसते, आणि तो बिचारा प्रामाणिकपणे सांगतो की ऑक्सिजन उरला आहे. इंजिन मंद चालत असताना हा परिणाम जास्त जाणवतो, आणि गावातल्या गाडीचे बरेचसे आयुष्य मंद चालण्यातच जाते. आज्ञावलीने आपोआप तक्ता भरणाऱ्या हौशी मंडळींनाही हीच फट फसवते: ती २५६ घरांतले आकडे नेमाने चुकीच्या दिशेने सुधारत बसते, आणि पडद्यावर सगळे छान हिरवे दिसते. स्पार्क चुकला तरी असेच होते. न जळलेले पेट्रोल संवेदकाला दिसत नाही, न वापरलेला ऑक्सिजन तेवढा दिसतो.

भाऊंनी साबणाचे पाणी घेतले, गाडी थंड असताना सुरू केली, आणि सायलेन्सरची नळी सिलिंडरला जिथे जोडते तिथे ब्रशने लावले. बुडबुडे आले. गॅस्केट गेले होते. बहुधा मागे कधीतरी सायलेन्सर काढून बसवताना जुनेच परत लावले गेले असावे.

नवे गॅस्केट बसले, प्लग घासून परत लावला. दुसऱ्या दिवशी आमचे मित्र शाळेत जाऊन-येऊन चांगले तीस किलोमीटर फिरून आले. स्कॅनर पुन्हा लावला. ट्रिम अधिक ४ वर आली होती. भाऊंनी तो आकडा पाहिला आणि विचारले, "आता हे चार कुठून गळतात?"

"ते गळत नाहीत," मुलगा म्हणाला, "ते पोफाळीचे."